कंपोनंटला नाव देताना त्याचं काम बघा

माझे वडील उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपला होते. फाउंड्री म्हणजे काय हे बेळगावात कुणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. ओतकामात आधी लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा नमुना करतात, तो पॅटर्न. तो वाळूत दाबून अलगद काढला की त्याच्या आकाराची पोकळी राहते. तिच्यात वितळलेलं लोखंड ओतलं की पार्ट तयार. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न किंचित मोठा ठेवतात. नीट सांभाळला तर एका पॅटर्नवर शेकडो कास्टिंग निघतात.

सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायची. भिंतीला लागून रॅक, रॅकवर खच्चून पॅटर्न, आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं काहीतरी लिहिलेलं. कुठे गिऱ्हाइकाचं आडनाव, कुठे 'मोठा', कुठे 'नवा', त्याच्याच शेजारी 'नवा २'. एकदा असं झालं की एका गिऱ्हाइकाचं काम बंद पडलं आणि दोनेक वर्षांनी दुसऱ्याच गिऱ्हाइकानं अगदी तसाच ब्रॅकेट मागितला. पॅटर्न रॅकवरच होता, पण जुन्या माणसाच्या नावानं. कुणाच्या लक्षात आलं नाही. सुतारानं आठवडाभर बसून नवा केला. पुढे रॅक आवरताना दोन्ही पॅटर्न शेजारी आले तेव्हा कळलं. त्या रात्री जेवताना वडिलांनी दुसरा विषय काढला नाही.

आता मी वेबसाइट बनवते. टिळकवाडीत आमचं सहाजणांचं ऑफिस आहे. लाकूड नाही, वाळू नाही, पण गेल्या काही वर्षांत हाच घोळ मी कोडमध्ये इतक्या वेळा पाहिलाय आणि केलाय की त्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं. नवीन मुलंमुली आमच्याकडे शिकायला येतात, त्यांना हेच आधी सांगते.

कंपोनंट म्हणजे वेबसाइटचा पुन्हापुन्हा वापरता येणारा तुकडा. मिठाईच्या दुकानाची साइट डोळ्यांपुढे आणा. कुंद्याचा फोटो, खाली नाव, वजन, किंमत आणि 'ऑर्डर करा' असं बटन. ही चौकट एकदा तयार केली की मांड्यांसाठी तीच, करदंटासाठी तीच, फक्त आतला मजकूर बदलायचा. बटन हा त्याहून लहान कंपोनंट, वरची पट्टी हा आणखी एक. मध्यम आकाराच्या साइटमध्ये असे पन्नास-साठ तुकडे सहज होतात आणि प्रत्येकाला नाव द्यावंच लागतं. ते नाव गिऱ्हाइकाला दिसत नाही, साइट उघडणाऱ्यालाही दिसत नाही. ते वाचणार फक्त आपण, आणि आपल्यानंतर ते काम हातात घेणारा माणूस.

एक खुलासा आधीच करते. प्रत्यक्ष कोडमध्ये ही नावं रोमन लिपीत असतात. इथे वाचायला सोपं जावं म्हणून मी ती देवनागरीत लिहिली आहेत.

रंग बदलतो, काम राहतं

आमच्या एका जुन्या साइटमध्ये 'ऑरेंज-बटन' नावाचा क्लास होता. क्लास म्हणजे तुकड्याचं रूप ठरवायला कोडमध्ये त्याला दिलेलं नाव. मीच दिलेलं नाव. तेव्हा बटन नारिंगी होतं, त्यामुळे त्यात काही खटकलं नाही. वर्षभरानं मालकांनी दुकानाचा बोर्ड बदलला आणि साइट त्याच रंगात मागितली, गडद हिरवी. चाळीस ठिकाणी नाव बदलण्यापेक्षा आम्ही फक्त रंगाची ओळ बदलली. मग कोडमध्ये 'ऑरेंज-बटन' आणि स्क्रीनवर हिरवं बटन. पुढे आलेल्या मुलाला वाटलं की ही चूक आहे. त्यानं प्रामाणिकपणे ती 'दुरुस्त' केली आणि एका सकाळी सगळी बटनं पुन्हा नारिंगी झाली.

त्याचा काय दोष? नाव जे सांगत होतं, ते त्यानं केलं.

रूप, जागा आणि पहिला मालक या तीन गोष्टी सगळ्यांत लवकर बदलतात. आणि नाव सुचताना नेमक्या याच तीन आधी डोळ्यांपुढे येतात, कारण त्या दिसतात. काम दिसत नाही, त्याचा विचार करावा लागतो. हे बटन पानावरचं मुख्य काम करतं का? मग 'प्रायमरी'. काहीतरी कायमचं पुसून टाकतं का? मग 'डेंजर'. २०११ साली ट्विटरमधून बाहेर आलेल्या बूटस्ट्रॅप या लायब्ररीनं, म्हणजे तयार कोडच्या संचानं, बटनांची नावं अशीच ठेवली: प्रायमरी, सक्सेस, वॉर्निंग, डेंजर. लाल, हिरवं, निळं असं कुठे नाही. ज्याला डेंजरचं बटन जांभळं करायचंय त्यानं खुशाल करावं, नाव खोटं पडत नाही.

जागेचंही तसंच, आणि त्याचा धडा आम्हाला उर्दूनं दिला. एका दवाखान्याच्या साइटला मराठी, कन्नड आणि इंग्रजी पानं होती. नंतर त्यांनी कॅम्प भागातल्या पेशंटांसाठी उर्दू पान मागितलं. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणजे सगळं पानच आरशातल्यासारखं उलटतं. आमच्याकडे 'लेफ्ट-मेनू' होता, तो उजवीकडे गेला. 'राइट-आयकॉन' होता, तो डावीकडे. कोड वाचताना डोक्याचा पार भुगा व्हायचा. बूटस्ट्रॅपवाल्यांनाही हे सोडवावं लागलंच. २०२१ च्या पाचव्या आवृत्तीत त्यांनी आपल्या क्लासच्या नावांतले 'लेफ्ट' आणि 'राइट' काढून 'स्टार्ट' आणि 'एंड' घातले. ओळ जिथे सुरू होते ती बाजू स्टार्ट, मग भाषा कुठलीही असो. आमचा 'लेफ्ट-मेनू' आता 'सेक्शन-मेनू' आहे. तो विभागांची यादी दाखवतो, बसला कुठेही असला तरी.

पहिल्या मालकाची गोष्ट रॅकवरच्या पॅटर्नचीच. मिठाईच्या साइटमध्ये आधी कुंदाच विकायचा होता म्हणून चौकटीचं नाव पडलं 'कुंदा-कार्ड'. पुढे मांडे आले तेव्हा नव्या मुलीनं 'कुंदा-कार्ड' उघडूनसुद्धा बघितलं नाही. तिला ते कुंद्याचं वाटलं. तिनं 'मांडे-कार्ड' केलं. नंतर कुणीतरी 'गिफ्टबॉक्स-कार्ड' केलं. तीन चौकटी, तिन्ही जवळजवळ सारख्या. किमतीपुढे रुपयाचं चिन्ह घालायचं ठरलं तेव्हा ते दोन ठिकाणी घातलं गेलं आणि तिसऱ्या ठिकाणी राहून गेलं. 'प्रॉडक्ट-कार्ड' हे नाव पहिल्या दिवशी दिलं असतं तर पुढची दोन झालीच नसती.

मग सगळ्यालाच 'कार्ड' म्हणावं का?

नाही. ही उलट बाजूची चूक, आणि मला वाटतं अनुभवी लोक हीच जास्त करतात. पुन्हापुन्हा वापरता यावं म्हणून नाव इतकं मोघम ठेवायचं की त्यातून काहीच कळू नये: 'बॉक्स', 'आयटम', 'रॅपर', 'इन्फो'. 'बॉक्स' असं शोधायला गेलं की दोन-तीनशे ठिकाणी सापडतं आणि हवं ते सापडत नाही. शिवाय मोघम नावाच्या कंपोनंटमध्ये जो येईल तो आपलं काहीतरी टाकून जातो. कुलूप नसलेल्या खोलीची अडगळ होते तसं. आमच्या एका 'मेन-बॉक्स'ला शेवटी तेवीस पर्याय झाले होते. फोटो दाखवायचा की नाही, तारीख वर की खाली, फोन नंबर आहे का. शेवटी ते बसून पाच वेगवेगळ्या कंपोनंटमध्ये सोडवलं. त्यात तीन दिवस गेले.

किती मोघम आणि किती नेमकं, याचं माप मी असं लावते. सगळ्यांत तळाशी खरोखर कुठेही चालणारे तुकडे: बटन, इनपुट, आयकॉन, कार्ड. त्यांना एकच साधा शब्द पुरतो. त्यांच्या वर, त्यांच्यापासून बनलेले पण विशिष्ट काम असलेले: 'प्रॉडक्ट-कार्ड', 'ब्रँच-कार्ड', 'ऑर्डर-फॉर्म'. इथे नावात काम आणि प्रकार दोन्ही यायला हवेत. आणि सगळ्यांत वर एखाद्या पानापुरतेच तुकडे, उदाहरणार्थ 'होम-बॅनर'. तिथे पानाचं नाव घालायला हरकत नाही, उलट घालावंच. ते दुसरीकडे उचलून नेऊ नये हे नावातच कळतं. 'कुंदा-कार्ड'चा घोळ झाला तो यामुळेच: काम मधल्या थराचं आणि नाव वरच्या थराचं.

आणि नाव ठरवताना 'अँड' घालायची वेळ आली, 'सर्च-अँड-फिल्टर-अँड-सॉर्ट' असं काहीतरी, तर अडचण नावाची नसते. तो एक तुकडा नाहीच, तीन आहेत. ते आधी सोडवा, नावं आपोआप सुचतात.

नाव जमलं की नाही हे बघायला मी फोन वापरते. सहकारी समोर नाही, स्क्रीन दाखवता येत नाही, तेव्हा काय बोलणं होतं ते ऐकावं.

"इन्फो-बॉक्स-टू मधला नंबर बदल गं."

"कुठला? तो पिवळा?"

"नाही, खालचा. पत्त्याचा."

"मग पत्त्याचा म्हण की. बॉक्स-टू काय म्हणायलीयस?"

ज्या शब्दानं शेवटी तिला कळलं, तेच नाव. कोडमध्ये तेच जायला हवं होतं.

नंदगडकरांच्या नातवाचं आडनाव

आता लिहायच्या पद्धती. यात सगळ्यांत जुनी आणि टिकलेली एक पद्धत रशियातल्या यांडेक्स या कंपनीतून आली. तिला बीईएम म्हणतात: ब्लॉक, एलिमेंट, मॉडिफायर. ब्लॉक म्हणजे स्वतंत्र तुकडा. एलिमेंट म्हणजे त्या तुकड्याचा आतला भाग, ज्याला बाहेर काही अर्थ नाही. मॉडिफायर म्हणजे त्याच तुकड्याचा वेगळा अवतार. ब्लॉक आणि एलिमेंटच्या मध्ये दोन अंडरस्कोर घालायची आणि मॉडिफायरच्या आधी दोन आडव्या रेघा घालायची पद्धत जास्त रुळलेली आहे. म्हणजे असं दिसतं:

ब्रँच-कार्ड
ब्रँच-कार्ड__पत्ता
ब्रँच-कार्ड__फोन
ब्रँच-कार्ड--मुख्य

पहिल्यांदा बघताना हे अंगावर येतं. मी शिकवताना आडनावांचं उदाहरण देते. आपल्याकडे नंदगडकर, अनगोळकर, खानापूरकर म्हटलं की माणूस कुठला ते विचारावं लागत नाही. तसं 'ब्रँच-कार्ड__फोन' म्हटलं की हा फोन कुठल्या घरचा ते कळतं. नुसतं 'फोन' लिहिलं असतं तर वरच्या पट्टीतला फोन आणि हा फोन यांची गाठ पडली असती आणि एकाला लावलेला रंग दुसऱ्याला लागला असता. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, सगळी नावं एकाच मोठ्या अंगणात असतात, भिंती नाहीत, म्हणून हे आडनाव लागतं.

एक चूक मात्र हमखास होते. कार्डाच्या आत तळपट्टी, तळपट्टीच्या आत फोन, म्हणून लोक लिहितात 'ब्रँच-कार्ड__फूटर__फोन'. असं करायचं नाही. नंदगडकरांच्या नातवाचं आडनावही नंदगडकरच असतं, त्यात आजोबा-वडील सगळे ओवत नाहीत. उद्या फोन तळपट्टीतून उचलून वर नेला तरी 'ब्रँच-कार्ड__फोन' तसंच राहतं.

हल्लीच्या रिॲक्ट, व्ह्यू वगैरे कंपोनंट बनवायच्या लायब्ररींमध्ये प्रत्येक कंपोनंटच्या स्टाइलला वेगळी खोली मिळण्याची सोय करता येते. त्यामुळे बीईएम काटेकोर पाळायची गरज कमी झाली आहे. पण आडनावाची सवय उपयोगी पडतेच. व्ह्यूची अधिकृत मार्गदर्शिका कंपोनंटचं नाव निदान दोन शब्दांचं असावं असं सांगते. ब्राउझरच्या कस्टम एलिमेंटला, म्हणजे आपण घडवलेल्या नव्या टॅगला, तर नावात आडवी रेघ सक्तीचीच आहे. याचं कारण सरळ आहे. एचटीएमएल या पानाचा सांगाडा लिहायच्या भाषेतले मूळ टॅग, म्हणजे तुकड्यांच्या खुणा, एकाच शब्दाचे असतात आणि नवे येत राहतात. २०२३ मध्ये 'सर्च' नावाचा टॅग आला. तुमच्या कस्टम एलिमेंटचं नाव नुसतं 'सर्च' असतं तर त्या दिवशी टक्कर झाली असती. 'साइट-सर्च' असेल तर कधीच होणार नाही.

आपल्या लिपीत कॅपिटल नसतं

इथे जरा थांबते, कारण हे दुसरीकडे कुणी समजावून सांगताना मी पाहिलं नाही आणि आपल्या मुलांना हे खरोखर नडतं. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत. कन्नडमध्येही नाहीत. आमच्याकडे येणारी बरीच मुलं मराठी किंवा कन्नड माध्यमातली. त्यांच्या मनात इंग्रजीतलं कॅपिटल म्हणजे वाक्याच्या सुरुवातीला काढायचं शोभेचं अक्षर. त्यानं अर्थ बदलतो हे डोळ्यांना सवयीचं नाही.

कोडमध्ये बदलतो. रिॲक्टमध्ये लहान अक्षरानं सुरू होणारा टॅग ब्राउझरचा आपला समजला जातो आणि मोठ्या अक्षरानं सुरू होणारा तुमचा कंपोनंट. लहान 'बी'चं बटन म्हणजे ब्राउझरचं साधं बटन, मोठ्या 'बी'चं बटन म्हणजे तुम्ही बनवलेलं. अक्षरं तीच, वस्तू दोन.

याहून वाईट प्रकार फाइलच्या नावांचा. विंडोजवर सहसा मोठ्या 'एच'ची हेडर फाइल आणि लहान 'एच'ची हेडर फाइल एकच धरली जाते. लिनक्सवर त्या दोन वेगळ्या. आमच्या ऑफिसातल्या एका मुलीनं फाइल मोठ्या 'एच'नं ठेवली आणि वापरताना लहान 'एच'नं मागवली. तिच्या लॅपटॉपवर विंडोज, सगळं सुरळीत. रात्री साडेनऊला साइट सर्व्हरवर चढवली, सर्व्हर लिनक्स, आणि 'फाइल सापडत नाही' म्हणून सगळं अडलं. ती रडकुंडीला आली. तिच्या स्क्रीनवर फाइल समोर दिसत होती. आम्ही दोघी फोनवर एकेक ओळ वाचत बसलो, आणि वाचून काही उपयोग नव्हता, कारण वाचताना 'हेडर' आणि 'हेडर' सारखंच ऐकू येतं. त्या दिवसापासून आमचा नियम आहे: कंपोनंटच्या फाइलला प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, बाकी सगळ्या फाइल पूर्ण लहान अक्षरांत आणि मध्ये आडवी रेघ. कुठली पद्धत निवडली याला फार महत्त्व नाही. सगळ्यांनी एकच निवडायला हवी, आणि ती तपासायचं काम माणसाच्या डोळ्यांवर न सोडता लिंटरवर, म्हणजे कोडमधल्या अशा चुका आपोआप दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, सोपवावं.

मुलं विचारतात, मग नावं मराठीतच का नाही द्यायची? प्रश्न रास्त आहे. तांत्रिकदृष्ट्या चालतं. सीएसएसच्या क्लासला आणि जावास्क्रिप्टच्या व्हेरिएबलला देवनागरी नाव देता येतं. पण एक अडचण मी स्वतः अनुभवली आहे. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी बसतं, एकसंध 'ऱ' म्हणून, किंवा 'र' आणि खाली नुक्ता म्हणून. दिसायला दोन्ही सारखे. सीएसएसला ते वेगळे. एका कीबोर्डवरून लिहिलेलं नाव दुसऱ्या कीबोर्डवरून लिहिलेल्या नावाशी जुळत नाही आणि डोळ्यांना काही दिसत नाही. शिवाय आमच्या ऑफिसात बैलहोंगलची मुलगी आहे, तिची भाषा कन्नड. मराठी नाव मला जवळचं, तिला परकं.

मराठी शब्द रोमनमध्ये लिहिणं हा मधला मार्ग तर सगळ्यांत त्रासाचा. 'मांडे' एकानं एका 'ए'नं लिहिलं, दुसऱ्यानं दोन 'ए'नं. 'बाजार'चंही तेच. म्हणून कंपोनंटची नावं आम्ही साध्या इंग्रजी शब्दांत ठेवतो, आणि कुंदा, मांडे, शहापुरी साडी ही नावं माहितीत राहतात, कोडच्या नावांत नाही. इंग्रजीतही 'कलर'चं स्पेलिंग अमेरिकन ठेवतो, 'यू' न घालता. सीएसएस स्वतः तसंच लिहितं, आणि एका फाइलमध्ये दोन स्पेलिंगं म्हणजे शोधताना अर्धंच सापडणार.

एका वस्तूला एकच शब्द

आमच्या एका प्रोजेक्टमध्ये पानावर तरंगत उघडणाऱ्या खिडकीला चार नावं होती: पॉपअप, मोडल, डायलॉग, लाइटबॉक्स. चार माणसं, चार सवयी. प्रत्येकाला आपलं बरोबर वाटत होतं आणि होतंही. पण नवीन माणसाला वाटलं की या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यानं त्यांच्यातला फरक शोधण्यात दुपार घालवली.

आता आमच्याकडे एक साधी शब्दांची वही आहे. कोडच्याच फोल्डरमध्ये एक मजकुराची फाइल. शब्द, त्याचा अर्थ एका ओळीत, आणि कुठला शब्द वापरायचा नाही ते. तरंगती खिडकी म्हणजे 'डायलॉग', पॉपअप म्हणायचं नाही. आपोआप येऊन जाणारी छोटी सूचना म्हणजे 'टोस्ट'. बाजूनं सरकत येणारा कप्पा म्हणजे 'ड्रॉवर'. चाळीसेक शब्दांत आमचं भागतं. डिझायनरही आपल्या फाइलमध्ये हेच शब्द वापरते. हे नसेल तर तिच्या 'टाइल'चं आमच्याकडे 'कार्ड' होतं आणि बोलणं दोन भाषांत चालतं. नवा शब्द घालायचा तर निदान दोघांनी मिळून ठरवायचा.

आखूड करण्याच्या मोहापासूनही सावध राहावं. स्वर गाळून केलेली रूपं लिहिणाऱ्यालाच कळतात. यातली आमची सर्वांत मोठी फजिती पत्त्याची. मिठाईच्या साइटवर पत्त्याच्या चौकटीला 'ॲड्रेस-बॉक्स' ऐवजी कुणीतरी 'ॲड-बॉक्स' लिहिलं, पाच रोमन अक्षरं वाचवायला. खडे बाजारातून मालकांचा फोन आला: "मुलाच्या लॅपटॉपवर दुकानाचा पत्ताच दिसेना." आमच्या सहाही मशीनवर दिसत होता. मी स्वतः दुकानात गेले, काउंटरमागे उभी राहून तो लॅपटॉप बघितला. पत्त्याच्या जागी खरोखर रिकामं. ब्राउझरच्या कोपऱ्यात ॲड ब्लॉकरचं चिन्ह होतं. ॲड ब्लॉकर जाहिराती ओळखायला क्लासच्या नावांच्या याद्या वापरतात आणि 'ॲड' नं सुरू होणारी कितीतरी नावं त्या याद्यांत असतात. आमचा पत्ता त्याला जाहिरात वाटला. पाच अक्षरांपायी किती गिऱ्हाइकांना पत्ता मिळाला नसेल, हे आजही मनाला लागतं.

आकड्यांबद्दल थोडंसं. टिळकवाडीत पहिलं रेल्वे गेट, दुसरं, तिसरं अशी नावं आहेत आणि ती चालतात, कारण मध्ये नवं गेट उगवत नाही. कोडमध्ये उगवतं. रंगाच्या छटांना एक, दोन, तीन असे नंबर दिले की दोन आणि तीनच्या मधली छटा आली म्हणजे अडचण. म्हणून टेलविंड या लायब्ररीत छटा १००, २००, ३०० अशा ९०० पर्यंत जातात. पुढे सर्वांत गडद छटा लागली तेव्हा त्यांनी ९५० घातली, बाकी कशाला हात लावावा लागला नाही.

नाव बदलायची वेळ आली तर

येतेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर आपल्या शहराचं नाव 'बेळगावी' झालं. घरात आपण बेळगावच म्हणतो, आणि रेल्वेच्या तिकिटावर स्टेशनचा कोड आजही बीजीएम आहे. या नावाशी आपल्या किती भावना जोडल्या आहेत हे मला वेगळं सांगायला नको. पण यंत्रणा म्हणून रेल्वेनं काय केलं ते बघण्यासारखं आहे: लोकांना दिसणारी पाटी वेगळी ठेवली आणि आतली खूण वेगळी. पाटी बदलली, खूण हलली नाही, म्हणून काही मोडलं नाही. आमच्या साइटमध्ये शाखेची खूण एकदा ठरली की ठरली. मराठी पानावर 'बेळगाव', कन्नड पानावर तिथलं नाव, इंग्रजी पानावर तिसरं. बटनावरचा मजकूरही कंपोनंटच्या नावात घालायचा नाही, तो याच कारणानं. 'बाय-नाऊ-बटन'वर उद्या 'घरपोच मागवा' येणार आहे.

आतली खूणच चुकली असेल तर मात्र बदलावी लागते, आणि ती एका फटक्यात बदलू नये. बोगारवेशीला धर्मवीर संभाजी चौक म्हणू लागले तरी रिक्षावाल्याला दोन्ही नावं कळतात. कोडमध्येही तसा काळ द्यावा लागतो. नवं नाव तयार करायचं, जुन्या नावाची फाइल ठेवून तिच्यात फक्त 'हे आता तिकडे आहे' एवढं लिहायचं, आणि जुनं कुणी वापरलं की इशारा दिसेल असं करायचं. मग सवडीनं एकेक ठिकाण बदलत जायचं. बूटस्ट्रॅपच्या चौथ्या आवृत्तीत पॅनल, वेल आणि थंबनेल या तिघांच्या जागी एकच 'कार्ड' आलं तेव्हा आमच्या जुन्या साइटवर आम्हाला असंच करावं लागलं होतं.

सध्या असंच एक काम चालू आहे. मिठाईच्या साइटवर सगळ्यांत वर एक पट्टी आहे, तिचं नाव 'फेस्टिवल-स्ट्रिप', कारण ती गणपतीत मोदकांच्या ऑर्डरसाठी केली होती. नंतर मालक तिच्यावर 'आज दुपारी दुकान बंद' असंही लिहू लागले, मग 'नवीन शाखा सुरू' असं. गेल्या सोमवारी आम्ही बसून तिचं नाव 'नोटिस-बार' ठरवलं आणि शब्दांच्या वहीत लिहिलं. जुनी फाइल दिवाळीपर्यंत ठेवणार आहोत. अठरापैकी अकरा ठिकाणी नवं नाव लागलं आहे, सात राहिली आहेत.